गंठणातले काळे मणी सोन्याच्या भावात धरता येत नाहीत, ताई

ताई, नमस्कार. लातूरच्या आमच्या सराफी दुकानाला तुम्ही ऑनलाइन अभिप्रायात एकच तारा दिलात. घटस्फोटानंतर साडेचार तोळे सोनं मोडायला आणलं, दुकानदारानं साडेतीनच धरले, आठ ग्रॅम मधल्यामध्ये खाल्ले, वर चारचौघांत बिल आणि आधार मागून चोरासारखं वागवलं, असं लिहिलंत. तुमचं मन दुखावलं त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण ‘खाल्ले’ हा शब्द लातूरच्या गंज गोलाई बाजारात पिढीजात पेढी चालवणाऱ्याला फार लागतो, म्हणून वजनाचा हिशोब इथंच मांडतो.

डाग, म्हणजे दागिने, दोन होते. गंठण 32.400 ग्रॅम, ठुशी 12.000 ग्रॅम. दुसऱ्या लग्नातलं गंठण 2022 साली आमच्याकडूनच नेलेलं. त्या बिलावर दोन रकाने आहेत, कृपया काढून बघा: एकूण वजन 32.400, निव्वळ वजन 26.800. मधले 5.600 ग्रॅम म्हणजे काळे मणी. घेताना त्या मण्यांना सोन्याचा भाव लावला नव्हता, घडणावळसुद्धा 26.800 वरच घेतली होती. मग मोडताना त्यांचे पैसे कुठून देणार? तुमच्यासमोर तार कापली, मणी बशीत ओतून वजन दाखवलं आणि पुडीत बांधून तुमच्याच हातात दिले. हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक शाबूत होता, त्यामुळे गंठणाला पूर्ण 916, म्हणजे 22 कॅरेट धरलं.

खरा प्रश्न ठुशीचा होता. ती पहिल्या लग्नातली, दुसऱ्या गावच्या पेढीवरची, हॉलमार्क नसलेली. मशीननं 91 टंच, म्हणजे शंभरात 91 भाग शुद्ध सोनं, दाखवला, तोच आकडा तुम्ही लिहिलात. पण मशीन वरचा थर तेवढा वाचतं. ठुशीचे मणी पोकळ, आत लाख भरलेली, आणि बारीक मण्यांना जोड फार. झाळताना, म्हणजे जोड देताना, कमी कसाचं सोनं वापरलेलं असतं, ते वितळल्यावरच कळतं. तुमची सही घेऊन गोंडा उतरवला, लाख जाळली, तेव्हा वितळवून 9.600 ग्रॅमची लगड (सोन्याची कांडी) निघाली, टंच 84. म्हणजे शुद्ध सोनं 8.064 ग्रॅम. मण्यांचे 5.600 आणि लाख-गोंड्याचे 2.400 मिळून तुमचे ते आठ ग्रॅम होतात. यातला एक गुंजही आमच्या तिजोरीत गेला नाही.

घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी मोडीत परत मिळत नाही, हे कुठल्याही पेढीवर तसंच आहे.

आधार आणि बिल सगळ्यांनाच मागतो. चोरीचा माल घेतला तर पोलीस माल जप्त करतात आणि गुन्हा सराफावरही येऊ शकतो. गंठणाचं बिल सासऱ्यांच्या नावावर होतं, म्हणून काउंटरवरच्या आमच्या मुलानं दोनदा विचारलं. घटस्फोटाचा कागद मात्र कुणीही मागितला नाही. स्त्रीधन बाईचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच सांगून ठेवलंय, आम्हालाही ते मान्य आहे. रोख न देता पैसे खात्यावर टाकले, कारण एका दिवसात एका माणसाला दहा हजारांवर रोख दिली तर आयकरात ती खरेदी आम्हाला खर्च म्हणून धरता येत नाही.

हे वाचणाऱ्या इतर ताईंनाही एक सांगणं आहे. घटस्फोटाच्या समजुतीच्या कागदात दागिन्यांची यादी करताना ‘साडेचार तोळे’ असं मोघम लिहू नका. डागागणिक निव्वळ वजन, टंच आणि हॉलमार्कचा क्रमांक लिहा. दोन घरांत मणी, लाख, खडे धरून वजन ठरतं, आणि वाद मात्र सराफाच्या काउंटरवर येऊन होतो. हॉलमार्क नसलेला डाग असेल तर कागद करण्याआधीच टंच काढून घ्या.

मोडीच्या गिऱ्हाइकांना आत बसून बोलता येईल अशी काहीतरी सोय करतो आहोत, मुलांनाही समज दिली आहे. ताई, तुमची मोडीची पावती आणि 2022 चं बिल दोन्ही घेऊन गावातल्या कुठल्याही सराफाकडून हिशोब तपासून घ्या. आकडे जुळले तर तेवढा ‘खाल्ले’ शब्द काढावा, ही हात जोडून विनंती.