टेस्टर पेटतोय की!

काल संध्याकाळी अण्णांनी माझं मनगट धरून दाबून पाहिलं. बायको दारात उभी, शिकवणीची पोरं कट्ट्यावर, आणि हे बाजारात बैलाचा खांदा चाचपावा तसं चाचपतायत. "मास्तर, जोर न्हाय हातात. दुधाचा रतीब वाढवा." पोरं फिदीफिदी हसली. आज वर्गात त्यातल्या एकानं बाकाखाली शेजाऱ्याचं मनगट दाबून पाहिलं, तेही मला दिसलं.

झालं होतं एवढंच, की पुस्तकांच्या कपाटासाठी 18 एमएमचा प्लाय कापताना कटर मशीन घुटमळलं, गुरगुरलं आणि पातं प्लायमध्येच रुतवून बसलं. मशीनवर 1400 वॅट छापलंय. मल्टिमीटर लावला तर बोर्डात 168 व्होल्ट.

"अण्णा, व्होल्टेज नाहीये."

अण्णांच्या अंगात एक वेळ सदरा नसेल, पण टेस्टर जवळ असतोच. त्यांनी तो बोर्डात खुपसला, डोळा बारीक करून पाहिलं.

"पेटतोय की!"

"पेटतोय, पण व्होल्टेज कमी आहे."

"मग टेस्टर कमी पेटायला पायजे."

"टेस्टर शंभरालाही पेटतो, अण्णा. आत निऑनचा एवढासा दिवा, त्याला लागतं किती?"

"मंजी लाइट हाय."

"आहे. पण 230 पाहिजे, 168 आहे."

अण्णांनी मनात हिशोब केला. "पाऊण तर आलीया. पाऊण जोरानं कापा."

इथं माझ्यातला मास्तर उफाळून आला. म्हटलं, पाऊण व्होल्टेजला पाऊण जोर मिळत नाही. व्होल्टेज पडलं की मोटारीत जाणारा करंटही पडतो, आणि ताकद म्हणजे दोघांचा गुणाकार. पाऊण गुणिले पाऊण करा, निम्म्याच्या जरा वर. म्हणजे 1400 चं मशीन ढोबळमानानं 750 वर आलं.

"गणित शाळंत," अण्णा म्हणाले, आणि मशीन माझ्या हातातून घेऊन त्यावर अख्खे ओणवे झाले. पातं इंचभर सरकलं. मग तो वास आला. वाइंडिंग तापल्याचा वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला परत सांगावा लागत नाही. दाबलं की मोटारीचे फेरे कमी होतात, फेरे कमी झाले की करंट चढतो, आणि मोटार गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असल्यानं तोही मंदावतो. मी प्लग उपटला.

"लाकूडच ओलं हाय," अण्णा म्हणाले. प्लाय! ओला!

मागचं आर्मेचर, म्हणजे मोटारीचा आतला फिरता भाग, असंच गेलं होतं. दुरुस्तीवाल्यानं मशीन न उघडताच 'ओव्हरलोड' असं लिहून वॉरंटीतून बाहेर काढलं. वॉरंटी कार्डावर 220-240 व्होल्ट लिहिलंय म्हणे. ते कुठं मिळतात, हे कार्डावर लिहिलेलं नाही.

बरं, संध्याकाळीच ही वेळ का येते? कारण वस्तीच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, शेतीपंपांची थ्री फेज वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. प्रत्येक स्टार्टरला ऑटो, म्हणजे वीज आली की मोटार आपोआप चालू करणारा स्विच, जोडलेला. शेतकरी घरी चहा पीत असतो, मोटार आपली आपण सुरू होते, आणि उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. बरं, विहिरीवरची मोटार माझ्या कटरसारखी गरीब नाही. व्होल्टेज पडलं तरी ती फेरे फारसे सोडत नाही, पाणी उपसायला करंट आणखी ओढते, की व्होल्टेज आणखी खाली. त्या मोटारींतली 5 एचपीची एक अण्णांची.

"अण्णा, तुमचा ऑटो तरी काढा."

"मी काढला तर बाकीच्यांचे हायतच की. माझं पानी जाईल, आन तुमचं फळकूट काय कापणार न्हाय."

यावर उत्तर नाही, हाच खरा संताप. नियमात 6 टक्के वर-खाली एवढीच मुभा आहे, म्हणजे 216 ते 244. मी रीडिंगांचा कागद घेऊन तक्रार करायला गेलो, तर टेबलापलीकडून सल्ला आला, "स्टॅबिलायझर बसवा." कटरला पुरेल असा स्टॅबिलायझर कटरपेक्षा महाग. शिवाय तो काही वीज तयार करत नाही, लाइनमधूनच जास्त करंट खेचतो. म्हणजे शेजारणीचा मिक्सर आणखी रडणार, मग तिनं स्टॅबिलायझर घ्यायचा. आमच्या विजेत स्थिर अशी एकच गोष्ट आहे, बिलातला स्थिर आकार.

आज सकाळी अण्णा गंजकी हातकरवत घेऊन आले. "हिला होल्टेज लागत न्हाय. फकस्त धार लावून घ्या, ग्राइंडर हाय न्हवं तुमच्याकडं?"

करवतीच्या दातांना ग्राइंडर चालत नाही, तिकोनी कानस लागते. माझी कानस गेल्या पावसाळ्यात अण्णांनीच नेली होती.

"ती व्हय," अण्णा म्हणाले, "ती हिरीत पडली."