१६६६ सालचं लोणचं : कृती आणि सूचना

मंडळाच्या शिवजयंती स्मरणिकेसाठी लेख मागायला कार्याध्यक्ष घरी आले, तेव्हा विषयही तेच घेऊन आले होते. ‘सर, १६६६ साली जगात काय काय घडलं, असं एक हजार शब्दांत टाका. लोकांना आवडतं.’ मी तीन रविवार घालवून टाकलं. गेल्या आठवड्यात स्मरणिका हातात पडली. लेखावर नाव माझं आहे, फोटोही माझाच आहे (पंधरा वर्षांपूर्वीचा, कुठून पैदा केला देव जाणे), मधला मजकूर मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. वाचून लक्षात आलं की असले लेख कसे लिहितात हेच मला ठाऊक नव्हतं. आता कळलंय. तुमच्यावरही कधीतरी ही वेळ येईल, म्हणून कृती सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी ‘त्याच वेळी तिकडे’ हा मसाला मुबलक घ्या. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसला तरी मध्ये ‘त्याच वेळी तिकडे’ घातलं की त्या सख्ख्या जावा होतात. इकडे महाराज आग्र्याला निघाले, त्याच वेळी तिकडे फ्रान्समध्ये विज्ञान अकादमी स्थापन होत होती. महाराज मार्चमध्ये निघाले आणि अकादमी डिसेंबरमध्ये झाली, पण नऊ महिने म्हणजे काय, लोणचं मुरायला तेवढा वेळ लागतोच.

एखादा संबंध खरा निघाला, तर मात्र तो लगेच काढून टाका.

मी लिहिलं होतं की १६६६ च्या जानेवारीत आग्र्याच्या किल्ल्यात शहाजहान वारला. १६५८ पासून तो तिथे मुलाच्या कैदेत होता. बाप जिवंत होता तोवर औरंगजेबाचा दरबार दिल्लीत भरायचा. बाप गेला आणि दरबार आग्र्याला आला. म्हणून १२ मेची ती भेट दिल्लीत न होता आग्र्यात झाली, आणि म्हणून आपण सुटकेला ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो. अख्ख्या लेखात दोन घटनांना जोडणारी खरीखुरी दोरी काय ती ही एक होती. संपादक मंडळाने (म्हणजे कार्याध्यक्षांचा भाचा, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला) नेमकी ती कापली. का, तर ‘शहाजहानचा आपल्या विषयाशी काय संबंध?’

सफरचंद न्यूटनच्या डोक्यावरच पाडा.

बागेत नुसतं पडलं तर फोटोत मजा येत नाही. प्लेगमुळे केंब्रिज बंद होतं, तेवीस वर्षांचा पोरगा गावी आईच्या घरी बसून गणित आणि प्रकाशाचे प्रयोग करत होता, गुरुत्वाकर्षणाचं पुस्तक आलं ते थेट १६८७ साली, महाराज जाऊन सात वर्षं झाल्यावर. असलं काही लिहू नका. ‘१६६६ : न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला.’ पूर्णविराम. पुढचा चौकोन.

शाहिस्तेखान गाळा. लाल महालात बोटं गमावून बंगालच्या सुभ्यावर गेलेला हा मामा जानेवारी १६६६ मध्ये आराकानच्या राजाकडून चाटगाव जिंकतो. आपल्या गोष्टीत ज्याची फजिती झाली त्याने नंतर कुठे काही जिंकलं तर वाचकांना अपचन होतं.

आता तारखा. इथे जरा सावकाश, कारण माझं ब्लडप्रेशर इथेच चढलं.

मी लिहिलं होतं : महाराज १७ ऑगस्टला आग्र्याहून निसटले. राजगडावर पोचल्याच्या १२ सप्टेंबर आणि २० नोव्हेंबर अशा दोन तारखा अभ्यासकांच्या पुस्तकांत सापडतात. लंडनची आग २ सप्टेंबरला लागली. छापून काय आलं? ‘१२ सप्टेंबर १६६६! इकडे महाराज राजगडाच्या पायऱ्या चढत होते, आणि त्याच दिवशी तिकडे इंग्रजांची राजधानी धडाधडा पेटत होती!!’ तीन उद्गारचिन्हं, तीही माझ्या नावावर. मी फोन केला. भाचा म्हणाला, ‘सर, नेटवर १२ सप्टेंबरपण येतं.’

येतं ना! येणारच! पोपने १५८२ साली नवं कॅलेंडर काढलं, इंग्लंडने ते १७५२ पर्यंत घेतलं नाही, त्यामुळे सतराव्या शतकात लंडनची तारीख पॅरिसच्या तारखेपेक्षा दहा दिवस मागे होती. लंडनमध्ये २ तारीख, तेव्हा पॅरिसमध्ये १२. आणि आपले इतिहासकार शिवकाळासाठी देतात त्या तारखा जुन्या कॅलेंडरच्या, म्हणजे लंडनवाल्याच. तेव्हा राजगडची जुनी १२ आणि लंडनची नवी १२ शेजारी ठेवून ‘त्याच दिवशी’ म्हणणं म्हणजे शेजाऱ्याचं दहा दिवस पुढे असलेलं कॅलेंडर बघून आपल्या घरी सत्यनारायण घालण्यासारखं आहे. भटजी यायचे नाहीत.

आणि हे कोणाला समजावतोय मी? जिथे एक शिवजयंती तारखेची आणि दुसरी तिथीची होते, वर्गणीही दोनदा गोळा होते, त्या मंडळाला! एका दिवसाला दोन पंचांगं असू शकतात हे यांच्याइतकं कोणाला ठाऊक? १२ मेला दरबार होता औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा, पण तो चांद्र वर्षाचा. आपल्या हिशेबाने बादशहा साडेसत्तेचाळीस वर्षांचा होता. गुरु गोविंदसिंगांचा पाटण्यातला जन्म जुन्या कॅलेंडरने २२ डिसेंबर १६६६ चा, नव्याने १ जानेवारी १६६७ चा, म्हणजे सालच बदललं. हे सगळं एका चौकटीत दिलं होतं. चौकट गेली, तिच्या जागी मिसळ महोत्सवाची जाहिरात आली.

त्याच चौकटीत शेवटी एक ओळ होती : शके १५८८, संवत्सराचं नाव ‘पराभव’. मला ती ओळ फार आवडली होती. पराभव नावाच्या वर्षात हा माणूस मोगल बादशहाच्या हातावर तुरी देऊन येतो! भाच्याने तीही काढली. ‘सर, शिवजयंतीच्या अंकात पराभव नको.’

लंडनबद्दल लिहाल तर रुचकर करून लिहा. सॅम्युअल पेपिस नावाच्या अधिकाऱ्याने आग जवळ येताना बागेत खड्डा खणून वाईन आणि पार्मेझान चीज पुरलं, असं त्याने स्वतःच्याच रोजनिशीत नोंदवलंय. आमच्या अंकात त्याने ‘अमूल्य खजिना’ पुरला आहे.

मुखपृष्ठ कॉम्प्युटरकडून करून घ्या. आमच्या मुखपृष्ठावर महाराज पेटाऱ्यात बसलेत, मागे ताजमहाल, त्याच्या मागे ज्वाळांत वेढलेला बिग बेनचा मनोरा. तो मनोरा १८५९ सालचा. जन्माला यायच्या आधी दोनशे वर्षं जळालेली जगातली ती एकमेव इमारत असावी.

बास. मला नाही जमत हे उपरोधाचं.

अरे, तुम्हाला आग्र्याची गोष्ट पुरत नाही का? जयपूरच्या दफ्तरात मिर्झाराजे जयसिंगांच्या मुलाच्या, म्हणजे रामसिंहाच्या माणसांची पत्रं आहेत. परकालदास नावाच्या कारकुनाने तिथून, त्याच दिवसांत लिहिलेली. त्याने महाराजांना डोळ्यांनी पाहिलंय. अंगाने लहानखुरे, वर्ण गोरा, कोण आहेत हे ठाऊक नसलं तरी राजा वाटावेत असे, असं तो कळवतो. सोबत नऊ वर्षांचा मुलगा. बाहेर कोतवाल फुलादखानाचा पहारा. रामसिंह जामीन राहिलेला, आणि पुढे सुटकेचा राग निघाला तोही त्याच्यावरच. हे सगळं लिहिलेलं आहे, छापलेलं आहे, वाचता येतं. तुमच्यातल्या एकाने तरी उघडून पाहिलंय? गाडीच्या काचेवर महाराज, छातीवर महाराज, रिंगटोनमध्ये महाराज, आणि त्यांच्यावरचं पान वाचायचं म्हटलं की ‘सर, थोडक्यात सांगा’. थोडक्यात काय सांगू? त्यांना मोठं करायला तुम्हाला लंडन जाळावं लागतं, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

तारखेने काय बिघडतं, असं भाच्याने विचारलं. लंडनला रॉबर्ट ह्युबर्ट नावाचा एक फ्रेंच घड्याळजी होता. आग मीच लावली, असं तो म्हणाला. डोक्याने धड नव्हता, पण फ्रेंच होता आणि लोकांना कोणीतरी हवाच होता. ऑक्टोबरमध्ये त्याला फासावर दिलं. नंतर कळलं की आग लागून दोन दिवस झाल्यावर त्याचं जहाज लंडनला लागलं होतं. हेच मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘हे भारी आहे सर, टाकायला हवं होतं.’ टाकलं होतं रे बाबा. चौथ्या परिच्छेदात होतं. तूच कापलंस.

काल संध्याकाळी कार्याध्यक्षांचा फोन आला. पुढच्या वर्षी १६७४ वर लेख हवाय. मी म्हटलं, देतो, पण छापण्याआधी प्रूफ मला दाखवा.

‘प्रूफ कशाला सर,’ ते म्हणाले, ‘सगळ्यांना माहितीच आहे की.’