कोल्हापूर बघायला यायचंय? आधी कॅलेंडर बघा, पास मग काढा

दिवाळी जवळ आली की कोल्हापूरकरांना पै-पाव्हण्यांचे फोन सुरू होतात. "सुट्टी हाय, एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढतोय, चार दिवसांत काय काय बघून होईल?" खरं उत्तर कुणी तोंडावर देत नाही, म्हणून इथं लिहितो. त्या चार दिवसांत रांगा बघून होतील.

या पासाचं नीट समजून घ्या. तो 4 किंवा 7 दिवसांचा मिळतो, आणि दिवस कॅलेंडरचे धरतात, रात्री 12 ते रात्री 12. म्हणजे संध्याकाळी 5 ला पुण्यातून निघालात तरी तो पहिला दिवस गेलाच. रात्री 11 ची गाडी धरली तर एका तासापायी अख्खा दिवस जळतो. त्यापेक्षा पास दुसऱ्या दिवसापासूनचा काढा आणि पहाटेची गाडी पकडा. साध्या बसचा पास शिवशाहीत चालत नाही, शिवशाहीचा मात्र साध्या गाडीत चालतो. आणि लोक हमखास विसरतात ती गोष्ट म्हणजे पास असला की तिकीट मिटलं, जागा नव्हे. आरक्षण नसेल तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पास खिशात ठेवून साताऱ्यापर्यंत उभं राहायची तयारी ठेवा.

परवडतो का, याचा हिशोब घरीच होतो. एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्यावर असतं. पुणे-कोल्हापूर जाऊन-येऊन साधारण 460 किलोमीटर, पन्हाळा 40, खिद्रापूर 120. झाले 620, म्हणजे 103-104 टप्पे. स्टँडवर चालू टप्पा-दर विचारा, गुणा आणि पासाच्या किमतीशेजारी ठेवून बघा. बायकांना तिकीट तसंही अर्धंच आहे, त्यांनी 52 टप्पेच धरावेत. पासाचे दर प्रौढ आणि मुलं असे दोनच, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्या बाईला पास बहुधा महागच पडेल. नाशिक किंवा संभाजीनगरहून येणाऱ्यांचं गणित वेगळं, अंतर वाढेल तसा पास वसूल होत जातो. कोल्हापूर शहरात हा पास काहीच कामाचा नाही, कारण इथल्या गाड्या केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या. नाहीतरी महाद्वार, भवानी मंडप, खासबाग, रंकाळा हे सगळं पायी उरकणारं आहे.

आता हंगाम. पावसाळा आधीच बाद करतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी चढायला लागलं की केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता बंद होतो, मग पन्हाळ्याच्या गाड्या फिरवतात नाहीतर रद्द करतात. शिरोळ तालुक्यात, म्हणजे नृसिंहवाडी-खिद्रापूरच्या बाजूला, तर 2005, 2019 आणि 2021 ला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय. गाडी रद्द झाली तरी पासाचे दिवस पुढं सरकत राहतात. वर पन्हाळ्यावर धुकं असं की सज्जाकोठीतून हात लांब केला तर हातच दिसत नाही. शिवराय जुलै 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते असल्याच हवेत. त्यांना कुणाला दिसायचं नव्हतं, तुम्हाला सगळं बघायचंय. भिजायलाच यायचं असेल तर खुशाल या, पण पास काढून नको.

उन्हाळ्यात दिवस मोठा, पण दुपारचे चार तास बाद. अंबाबाईच्या आवारात अनवाणी फिरायचं असतं आणि एप्रिलमध्ये तिथला दगड तव्यासारखा तापतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, त्या दोन-तीन दिवसांत एसट्या डोंगराकडं वळवलेल्या असतात आणि बाकीच्या मार्गांवर माणसं ताटकळतात. गुलालासाठी यायचं असेल तर तेवढ्यासाठीच या.

राहिला हिवाळा. तोही सरसकट नाही. नाताळचा आठवडा टाळा. माघातले रविवार टाळा, तेव्हा जोतिबाचे खेटे, म्हणजे भक्तांच्या पायी वाऱ्या, असतात. एरवीही जोतिबाला रविवारी आणि अंबाबाईला मंगळवारी-शुक्रवारी जाऊ नका. माझं मत विचाराल तर दोनच खिडक्या: दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, आणि संक्रांतीनंतर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

या दोन्ही खिडक्यांच्या आसपास किरणोत्सव येतो, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरतं, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक ओलांडून पितळी उंबऱ्याशी येतं, मग चांदीचा उंबरा, कटांजन (मूर्तीपुढचा कठडा) आणि शेवटी मूर्ती. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम. गाभाऱ्यातले दिवे मालवलेले असतात, आणि ती सोनेरी पट्टी फरशीवरून पुढं सरकताना गर्दी एकदम गप्प होते. दर वेळी जमतंच असं नाही. पश्चिमेला ढग आला, हवेत बाष्प किंवा धूळ जास्त असली, वाटेत काही उभं राहिलं की किरणं गुडघ्यापाशीच विरतात. म्हणून एकाच संध्याकाळवर भिस्त ठेवू नका.

मेख अशी की किरणोत्सव सूर्यावर चालतो आणि दिवाळी तिथीवर. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि भाऊबीज 11 ला, म्हणजे किरणोत्सव नेमका दिवाळीच्या गर्दीत. त्या वर्षी नोव्हेंबरचा नाद सोडून जानेवारीअखेरचा धरलेला बरा. 31 जानेवारी 2027 ला रविवार आहे, पण नंतरचे दोन दिवस सोमवार-मंगळवार. मंगळवारी देवीची गर्दी असणारच, तेवढी सोसा.

खिद्रापूरला कुरुंदवाडपर्यंत एसटी सहज मिळते, पुढच्या फेऱ्या मोजक्या. उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून घ्या, नाहीतर तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या 48 खांबांच्या स्वर्गमंडपात बसून आभाळ बघत राहाल. तसं ते आभाळही बघण्यासारखंच, मंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर त्यावर येतो तो मध्यरात्रीच्या सुमारास, तेव्हा कुठली एसटी? त्या रात्रीसाठी गाडी स्वतःची लागते.

टाऊन हॉलचं संग्रहालय सोमवारी बंद. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तिथंच आहे, तेव्हा सोमवार पन्हाळ्यासाठी ठेवा. 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, शनिवार-रविवारी वर जाण्यात अर्थ नाही. सकाळची पहिली गाडी धरा, तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना एवढं दुपारच्या आत होतं.

हिवाळ्याचा एक त्रास मात्र कबूल करायला हवा. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, अंधारात मागचा दिवा असेलच याची खात्री नाही. एसटी त्यांच्यामागं रांगत चालते. वेळापत्रकात अर्धा तास जादा धरा आणि पासाच्या शेवटच्या दिवशी परतीला संध्याकाळची नको, दुपारची गाडी पकडा. वाटेत रात्रीचे बारा वाजले तर पास तिथंच संपतो.