तोंडी लावायला काय आहे?

ताट वाढलं की आमच्या घरात कुणीतरी हमखास विचारतं, "तोंडी लावायला काय आहे?" पूर्वी हा प्रश्न मला फार लागायचा. मरमर करून स्वयंपाक करावा आणि पहिल्या घासाआधीच लोणच्याची बरणी मागितली जावी! आज मात्र माझं मत ठाम आहे. मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, सॉस, घरात जे असेल ते मधोमध ठेवावं आणि ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घ्यावं. स्वयंपाक करणारीने त्यात अपमान मानू नये.

मत बदललं ते आईमुळे. सत्तरीनंतर तिला सगळंच अळणी लागू लागलं. मला वाटायचं, नावं ठेवतेय. मग कळलं, वयाबरोबर वास कमी येतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यात वासाचा वाटा फार मोठा. सर्दीत जेवण बेचव लागतं तेही त्यामुळेच. तिच्यापायी सगळ्यांच्या भाजीत मीठ वाढवणं मला पटेना. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लोणच्यातलं मीठही त्यातच धरायचं. म्हणून आईच्या ताटात लिंबाची फोड आली. आंबटाने कमी मिठाचं जेवणही खुलतं. लिंबू पिळून पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हां, आता लागलं गं." माझे डोळे भरून आले.

लेकाचं उलटं, त्याला तिखट सोसत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता जाणवणाऱ्या नसाच चेतवतं, म्हणजे पोराला खरोखर भाजल्यासारखंच होतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने आग शमत नाही. दूध द्यावं. "सवय कर" म्हणत लहान मुलांना रडवणाऱ्या मोठ्यांचा मला मनापासून राग येतो. चटणी वेगळी वाढता येते, भाजीत उतरलेलं तिखट काढता येत नाही.

एक मात्र सगळ्यांना बजावून ठेवलंय: लोणच्यात ओला चमचा नाही. पाणी गेलं की बुरशी धरते. कोरडा चमचा बरणीशेजारी ठेवलेला असतो. बरणी पुढे सरकवताना आता लेकच विचारतो, "आजी, तुला हवंय?"