टॉवर आडवे पडतात तेव्हा
मोबाइलवरून पिअर-टू-पिअर (मधला सर्व्हर टाळून थेट एकमेकांना फाइल देणं) म्हणजे बॅटरीची नासाडी, हे एका लेखातलं म्हणणं टॉरंटपुरतं, म्हणजे अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवण्यापुरतं, मान्य. सीडिंगला, म्हणजे उतरवलेली फाइल इतरांना देत राहायला, ठेवलेला फोन इस्त्रीसारखा तापतो. त्यात मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) अनेकांत वाटतात, म्हणून दोन फोनांची थेट गाठ पडणंच मुश्कील.

पण शेजारी-शेजारी असलेल्या फोनांचं काय? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं नि आमच्या श्रीवर्धनात रेंज गायब. आडव्या झालेल्या पोफळींचे चाळीसेक फोटो शेअरइट या अ‍ॅपने काकांच्या फोनवर टाकले. वाय-फायवर थेट, इंटरनेटशिवाय, दोनेक मिनिटांत. काका एसटीने घाट चढले आणि रेंज येताच मुंबईला भावाकडे धाडले. (त्याच महिन्यात २९ जूनला भारतात शेअरइटवर बंदी आली, ते सोडा.) आता ब्रायर हे निरोपांचं अ‍ॅप ठेवलंय, ब्लूटूथवरही निरोप जातो.