कॉम्बो करू का सर?

डॉक्टरांनी सरळ "बाहेरचं बंद" सांगितलं असतं ना, तर एक वेळ सोपं होतं, चार दिवस कुरकुर केली असती आणि गप्प बसलो असतो. पण आमचे डॉक्टर पडले भले माणूस. ते म्हणाले, "खा हो, फक्त चॉइस नीट करा." झालं! तेव्हापासून बर्गरच्या काउंटरसमोर उभं राहिलं की मला गणिताच्या पेपरला बसल्यासारखा घाम फुटतो.

आणि गणितच असतं हो ते. फॅट एका ग्रॅमला 9 कॅलरी, साखर 4. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्याच्यावर बन, चीज, सॉस सगळेच हक्क सांगून बसलेले. हे सगळं डोक्यात जुळवायचं कधी, तर मागे रांग तुंबलेली असताना, आणि वरच्या बोर्डवर आपण ग्रिल्ड चिकनची ओळ शोधेपर्यंत फोटो बदलून तिथे चीज ओघळायला लागलेलं असताना.

मग घाबरून माणूस सॅलड मागवतो. माझं सगळ्यात वाकडं आहे ते या सॅलडशी. वर चार हिरवी पानं, ती उचलली की खाली तळलेलं चिकन, तळलेल्या ब्रेडचे तुकडे, चीजचा कीस, आणि शेजारी साळसूदपणे पडलेली ड्रेसिंगची पुडी. असली क्रीमवाली पुडी पिळली की ते सॅलड साध्या छोट्या बर्गरलासुद्धा मागे टाकू शकतं. नुसतं मेयोनीज घेतलं तरी एका मोठ्या चमच्याला 90 च्या आसपास कॅलरी, आणि चमच्यावर थांबतंय कोण.

त्यामुळे मी आता सॅलडचा नाद सोडलाय. छोटा बर्गर, मेयो नको, सोबत पाणी. ऐकायला किती सोपं ना?

"कॉम्बो करू का सर?"
"नको."
"सर, फ्राइज आणि ड्रिंक पडतं त्यात."
"माहितीये. नको."
"मग ड्रिंक लार्ज करू?"

अरे बाबा, 330 मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, आणि दिवसभराची वरची साखर 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, हे मी त्याला सांगणार होतो, पण मागच्या काकूंनी असा काही उसासा सोडला की मी नुसतं "पाणी" म्हटलं. मग तो आत वळून ओरडला, "एक विदाउट मेयो!" आणि सगळी रांग माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तशी बघायला लागली.

बर्गर आला. मेयोसकट. टिशूने पुसून काढायला गेलो तर मेयो जागच्या जागी आणि टिशूचे तुकडे बनला चिकटले.

शिवाय मित्र असतातच. "मला फ्राइज नकोत" असं म्हणणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या फ्राइज खायचा जन्मसिद्ध हक्क असतो आणि त्या कॅलरी ज्याने बिल भरलं त्याच्या खात्यात जातात, अशी माझी श्रद्धा आहे. (डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.)

राहता राहिलं सावकाश खाणं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण 20 मिनिटं लागतात म्हणे आणि बर्गर तर पाच मिनिटांत संपतो, म्हणून मी प्रत्येक घासानंतर तो खाली ठेवून नीट चावत बसतो. परवाही तसाच ठेवला होता, तर समोरचा म्हणाला, "तुला जात नाहीये का? दे इकडे," आणि माझं तोंड रिकामं होईपर्यंत उरलेला अर्धा बर्गर त्याच्या पोटात गेलेला होता. निम्म्या कॅलरी तिथल्या तिथे कमी. बाकीच्या सगळ्या ट्रिका मी मनापासून करून बघितल्यात, पण शंभर टक्के रिझल्ट अजून तरी हिनेच दिलाय.