तारीख कुठली धरायची?

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्या आठवड्यात पुण्याहून मामाचा फोन आला. "बेड्या घालून पाठवलं रे आपल्या पोरांना! चोर होते का ते?" दहा मिनिटांनी गाडी त्याच्या सोसायटीशेजारच्या बांधकामावर आली. "सगळे बांगलादेशी. उचलून पाठवले पाहिजेत." कशावरून? "बोलण्यावरून कळतं." तसं तर पश्चिम बंगालच्या मालद्यातले, आपलेच लोकही बोलतात, म्हटलं. मामाने विषय बदलला.

मामाला हसायचा मला तरी काय अधिकार? न्यू जर्सीत तेरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. कोट्यात एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे आपली रांग हलता हलत नाही. लपून आलेल्यांना माफी म्हटलं की पोटात दुखतंच. पण गेल्या उन्हाळ्यात घराचं छप्पर बदललं, ते ग्वाटेमालाच्या सहा जणांनी. सकाळी साडेसहाला शिडी लावायचे. मुकादमाला इंग्रजी बेताचं. पन्हळीबद्दल काही विचारायचं झालं की तो लेकीला फोन लावून स्पीकरवर टाकायचा. शाळकरी पोर मधल्या सुट्टीत दुभाषी! कागद आहेत का, मी विचारलं नाही. तीन कोटेशनांत हाच ठेकेदार सगळ्यांत स्वस्त का, हेही नाही.

१९८६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना माफी देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यातून शेतमजूर धरून सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. बदल्यात बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकांना दंड ठरला. माफी मिळाली, दंड बराचसा कागदावर राहिला: मजुराने दाखवलेले कागद वरवर खरे दिसले की मालक सुटला. वीसेक वर्षांत बिनकागदाचे लोक एक कोटीवर गेले.

कायदेशीर होण्याची त्याहून जुनी एक वाट आहे, १९२९ पासूनची. अमुक तारखेच्या आधीपासून इथे असाल आणि वर्तन चांगलं असेल, तर अर्ज करा. अमेरिकेची संसद ही तारीख मधूनमधून पुढे सरकवायची. १९८६ मध्ये ती १ जानेवारी १९७२ वर आणली, ती आजही तिथेच. आपल्याकडे आसाम करारात बाहेरून आलेले कोण हे ठरवायची तारीख २४ मार्च १९७१. तिच्या आधारे केलेल्या २०१९ च्या आसाममधल्या नागरिकांच्या यादीतून १९ लाखांवर लोक बाहेर राहिले. काही घरांत तर एक भाऊ आत, एक बाहेर. दोन देश, आणि दोघांचं घड्याळ एकाच सुमाराला बंद पडलेलं.

माझ्या मते तारीख दरवर्षी आपोआप पुढे जावी. बारा वर्षं राबला, कर भरला, त्याला दार उघडावं. आणि दंडाची वसुली मालकापासून सुरू व्हावी. मामा म्हणेल, मग सगळेच येऊन बारा वर्षं लपून बसतील. काही बसतीलच. रांगेतल्याला काय सांगणार, असंही विचारेल. रांगेतला मीच आहे आणि मला सांगता येत नाही.

मालकाचं म्हणाल, तर ठेकेदार म्हणाला होता, रोख दिलेत तर थोडं कमी करतो. मी त्याच दुपारी बँकेत गेलो.